तळ क्रमांक सातचा रिलीव्हर

तीर्थस्वरूप दादास,

कुंभवलीहून धाकट्या प्रफुल्लचा साष्टांग नमस्कार (बसूनच, मी उठलो की बाबाही उठतात आणि चपला शोधू लागतात). तू, वहिनी आणि तुमची नवी गाडी पुण्यात सुखरूप असाल. फोनवर तू कायम मीटिंगमध्ये असतोस, म्हणून पत्र. कागदाला 'नंतर करतो' सांगता येत नाही.

विषय साहित्यिक आहे. दिवाळी अंकासाठी मी एक विज्ञानकथा लिहायला घेतली. परग्रहावरून शत्रू येतोय आणि पृथ्वीभोवती फिरणाऱ्या तोफांच्या तळ क्रमांक सातवर आपला नायक सुका एकटा पहारा देतोय. शेवटी तो शत्रूची सगळी यानं उडवतो आणि घरी, बायकोकडे, नवसीकडे परततो. चार पानांत काम फत्ते! पण रविवारी दातिवऱ्याचा भावेश मासे घेऊन आला, त्याला मी हौसेने वाचून दाखवली (नसती अवदसा आठवली). बोंबील मोजता मोजता तो म्हणाला, "पन ती तोफ फिरते ना? मंग ती पलीकडं गेली का हिकडं कोन हाय?" प्रश्न बिनतोड होता. मी दुसरा तळ घातला, मग तिसरा, असे बारा झाले. तेवढ्यात बायकोने, कीर्तीने, विचारलं, बारा जणांचा डबा कोण पोचवतं? डब्याचं रॉकेट घातलं. कथा सव्वीस पानांवर गेली आणि शत्रू बिचारा अजून मंगळापाशीच ताटकळतोय.

आणि मग बाबा. रिटायर होऊन चौदा वर्षं झाली, पण हल्ली ते रोज दोन वाजता दाढी करून, कंपनीचा निळा युनिफॉर्म चढवून सेकंड शिफ्टला निघतात. 'आज सुट्टी आहे' सांगितलं की दहा मिनिटं पटतं, मग पुन्हा दार. त्यांनी एका जागी बसावं म्हणून मी हातात कथा आणि लाल पेन दिलं. त्यांनी खुर्चीतून न उठता सगळी वाचली (हा वर्षभरातला विक्रम) आणि शेवटच्या पानावर सुवाच्य अक्षरात शेरा मारला: "ऑपरेटर चार्ज न देता पॅनल सोडून गेला. रिलीव्हर कोण? मेमो द्यावा."

तेव्हापासून सुका बदली माणसाची वाट बघत वर अडकलाय. मी यंत्रमानव रिलीव्हर आणला, तर बाबा म्हणाले, "ते सही करतं का?" रिलीव्हर आजारी पाडला, तर म्हणाले, "मग ह्याने डबल ड्यूटी करावी." सुका अकरा दिवस डबल करतोय. मलाही चैन नाही. एक ओळ लिहितो, दाराची कडी बघतो, परत येऊन तीच ओळ खोडतो. दादा, खरं सांगतो, त्याला कामाचा कंटाळा नाही. त्या जागेवर त्याची माया आहे. फक्त कोणीतरी येऊन 'जा, मी आहे' म्हणावं, एवढंच त्याला हवंय, आणि ते कोणी म्हणत नाही याचा मला फार राग येतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना पापे.

तुझा (पॅनलवर हजर),
प्रफुल्ल

ता. क. कथा कुठल्याच दिवाळी अंकाने मागितलेली नाही.

ता. क. २. कीर्तीच्या बहिणीचं, दीपिकाचं, येत्या सोमवारी नाशिकला लग्न आहे. तीन वर्षांत आम्ही दोघं एकत्र घराबाहेर पडलेलो नाही. एक गेला की एक बाबांपाशी. शनिवारपासून चार दिवस तू येशील का?

ता. क. ३. बाबांनी जुन्या वहीचं लॉगबुक केलंय. रोज तीनला तारीख, वेळ, 'सर्व ठीक'. रिलीव्हरच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं की ते खोडतात आणि तुझं लिहितात, 'दिग्विजय'. पुढे सहीची जागा रोज कोरी राहते. शनिवारी पावणेतीनला पोच.