वार्निश वाळेपर्यंत

अब्बा, भाईच्या मुलीनं मला व्यापाराच्या पटावर जिंकायच्या युक्त्या लिहून मागितल्या आहेत. ती नऊ वर्षांची आहे, मला फुफू म्हणते, आणि तुम्ही तिला पाहिलेलं नाही. मागच्या रविवारी मी बारामतीहून भवानीनगरला गेले, तेव्हा ती दुकानाच्या माळ्यावरून तुमचा पट काखेत मारून खाली आली. विजेच्या मोटारीच्या खाचेत तारेखाली घालायचा तो पिवळसर जाड कागद, चार तुकडे सुती पट्टीनं जोडलेले, आणि चौकोनांत तुमच्या अक्षरात आपली गावं. बाजारात मुंबई-दिल्लीचा पट मिळत होता. तुम्ही तो आणला नाहीत, स्वतः केलात. "अब्बू म्हणतात तुला सगळ्या युक्त्या येतात," ती म्हणाली. "शाळेत मुली मला सारख्या हरवतात. नंबर घालून लिहून दे." मी हो म्हटलं. त्याला चार दिवस झाले. पान कोरं आहे, म्हणून आधी तुम्हाला लिहून बघते.

दुकानात डाव का चालायचा, हे तिला माहीत नाही. विहिरीवरची जळालेली मोटार आली की तुम्ही जुनी तार उपसून काढायचा, नवी भरायचा, मग वाइंडिंगवर वार्निश ओतून ती उन्हात ठेवायचा, आभाळ असलं तर मोठ्या बल्बखाली. ते वाळेपर्यंत गिऱ्हाईक जागचं हलत नसे. तिकडे उसाचं पाणी थांबलेलं, इकडे मोटार ओली. माणूस दर पाच मिनिटांनी बोट लावून बघायचा आणि वार्निशवर ठसा उठायचा. त्या बोटांना काहीतरी काम द्यावं म्हणून तुम्ही पट काढलात. कन्हेरीचे तात्या वर्षातून दोनदा मोटार जाळून आणायचे आणि दोन्ही वेळा हरत असायचे. तुम्ही, भाई, मी आणि तात्या, असे चौघं खाली पोत्यावर बसलेलो मला अजून दिसतो. फासे तुम्ही फायबरच्या तुकड्यातून कानशीनं घासलेले. तात्या ते तळहातावर घेऊन फुंकर मारतात, टाकतात आणि नेमके भवानीनगरवर येतात, जिथं माझी तीन घरं आहेत. "तुमी बापलेकी मिळून लुटताय व्हय मला? मोटारीचं वायलं, हिचं वायलं!" तुम्ही म्हणता, "मोटारीचं मागनं बघू तात्या, आधी पोरीचं भाडं टाका." आणि तात्या नोटा मोजत पुटपुटतात, "भवानीनगरात येऊन बसायचं बी भाडं. काय दिवस आलं."

पहिली युक्ती तुम्ही त्यांनाच सांगितली होती. पहिल्या फेरीत ज्या गावावर सोंगटी थांबेल ते घ्यायचं, आवडतं गाव यायची वाट बघायची नाही. "बारामती समद्यांनाच पायजे. कन्हेरी कुणाला नको, म्हणून ती आधी घ्यायची." आपलं गाव कुणाला नको, हे ऐकून तात्या डाव संपेपर्यंत तुमच्याशी बोलले नाहीत. दुसरी युक्ती जेलची. जेलमधून सुटलेला माणूस पुष्कळदा पुढच्या सहाव्या, सातव्या किंवा आठव्या चौकोनावर पडतो, म्हणून ती तीन गावं सोडायची नाहीत. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी मी हे मांडून पाहिलं. दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांपैकी सोळा तिथं पडतात. नंतर कॉम्प्युटरवर अख्खा पट चालवून पाहिला, उत्तर तेच आलं. तुम्ही सातवीपर्यंत शिकलेले. हे तुम्हाला कुठून कळलं, ते विचारायला तुम्ही नव्हता. तिसरी युक्ती घरांची. तारेवर चढवायच्या हिरव्या स्लीव्हचे कापलेले तुकडे म्हणजे घरं, आणि ते बत्तीसच होते. प्रत्येक गावात तीन-तीन घरं बांधून थांबायचं, मोठ्या इमारतीच्या नादी लागायचं नाही, कारण इमारत बांधली की घरं परत डब्यात जातात आणि ती दुसऱ्याला मिळतात. सगळी घरं आपल्याच गावांत अडकून राहिली की समोरच्याच्या हातात पैसा असूनही त्याला काही बांधता येत नाही.

इथपर्यंत मी त्या मुलीला लिहून देऊ शकते. चौथ्या युक्तीपाशी पेन थांबतं.

मी दहा वर्षांची असेन. तात्यांकडे एका रंगाची दोन गावं होती, घरं बांधायला लागणारं तिसरं, सोमेश्वरनगर, माझ्याकडे. ते हरत होते, चेहरा पडलेला होता, घरी ऊस वाळत होता. मी ते कार्ड त्यांना देऊन टाकलं, बदल्यात काहीच घेतलं नाही. ते मोटार ट्रॉलीत घालून गेल्यावर मला समोर उभं केलंत. "पोरी, दुसऱ्याला जे एक पान लागतंय ते आपल्या हातातनं सोडायचं न्हाय. आपल्याला त्याचा उपयोग नसला तरी. ते हातात हाय तवर तो आपल्याकडं बघतो." तुम्ही ओरडला नव्हता. मी मात्र ते ओरडण्यासारखंच ऐकलं आणि नीट लक्षात ठेवलं.

पाचवी युक्ती भाईची. तो पंधरा वर्षांचा, इंदापूरच्या कार्डासाठी तात्यांच्या मागे लागलेला. द्या ना तात्या, द्या की तात्या. तात्यांनी भाव दुप्पट केला, मग तिप्पट. तुम्ही हसत भाईच्या डोक्यावर टपली मारलीत. "एकदा इचारायचं अन् गप बसायचं. दुसऱ्यांदा इचारलं की समोरच्याला कळतं, तुला किती नड हाय." त्यानंतर भाईनं कुणाला काही दोनदा विचारलेलं मी ऐकलं नाही. अम्मी म्हणायची, हा जेवायलासुद्धा एकदाच मागतो.

पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. दुकान भाईनं उघडलं, कारण ते उघडायला दुसरं कुणी नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. तारेचे फेरे मलाही मोजता येत होते. भाई बोलता बोलता मोजायचा आणि चुकायचा, मी चुकत नसे, हे तुम्हाला माहीत होतं. पण मला कुणी विचारलं नाही. मी शिकले, होस्टेलवर राहिले, आता बारामतीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात विजेच्या देखभालीचं काम बघते. यंत्राला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं लाल कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात ठेवायची, हा तिथला पहिला नियम. माझं कुलूप मी रोज वापरते.

दोन वर्षांपूर्वी भाईचा फोन आला. मोटारीला लागणारी थ्री-फेज वीज दुकानात कधीच नव्हती, तुम्ही शेजारच्या गिरणीवरून वायर ओढून मोटार फिरवून बघायचा. ती गिरणी बंद झाली. "मीटर अजून अब्बांच्या नावावर हाय. थ्री-फेज घ्यायची तर आधी नाव बदलावं लागतंय, अन् त्याला समद्या वारसांची ना हरकत मागतात. अम्मीची झाली. तुझी राहिली." मजकूर त्यानं मोबाइलवर पाठवला. टायपिंगवाल्यानं नेहमीचाच मजकूर घातला होता. त्यात एक ओळ होती: सदर दुकान व तेथील व्यवसायाशी माझा कोणताही संबंध नाही व राहणार नाही. मी ती चार वेळा वाचली. भाईला म्हटलं, "ही ओळ कशाला?" तो म्हणाला, "ते तसंच असतं गं. सही कर, वाचायचं काय त्यात?" मी म्हटलं, "बघते."

मला दुकान नको होतं. हिस्साही नको होता. त्यानं एकदा म्हणावं, तुलाही येत होतं, एवढंच हवं होतं. ते मी त्याला सांगितलं नाही. पान हातात धरून बसले. त्यानंही दुसऱ्यांदा विचारलं नाही. ईदला गेले तेव्हा तो शेजारी बसून शिरखुर्मा प्यायला, कारखान्याचं विचारलं, पगाराचं विचारलं, कागदाचं विचारलं नाही. आम्ही दोघं तुम्ही शिकवलंत तसं खेळत होतो. असे आठ महिने गेले. दुकानात मोटार फिरवून बघता येईना, तेव्हा तो भरलेल्या मोटारी गिऱ्हाइकाच्या विहिरीवर नेऊन तिथंच तपासायला लागला.

कन्हेरीच्या बाजूला एका विहिरीवर तो मोटार आणि पंप जोडत होता. वीज गेलेली होती. वीज आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो बसवतात, तसा तिथंही होता आणि चालू होता. त्यानं आधी मेन खाली ओढायला हवं होतं. ओढलं नाही, कारण थ्री-फेज यायला वेळापत्रकाप्रमाणे अजून पाऊण तास होता. आपल्याकडे विहिरीवर काम करणारे सगळे असंच करतात, घड्याळ बघून हात घालतात. त्या दिवशी वीज लवकर आली. उजव्या हाताची पहिली दोन बोटं गेली आणि अंगठ्याचं टोक. ज्या बोटांनी तार ताणून एकेक फेरा चाचपून बसवायचा, ती बोटं.

हॉस्पिटलात तो मला बघून म्हणाला, "तुझ्या कुलपाचं लक्षात होतं बघ. नेमकं त्याच दिवशी घड्याळावर भरवसा ठेवला." त्यानं ते गमतीनं म्हटलं. मी बाटलीतून पाणी ओतून दिलं. चौथ्या दिवशी ना हरकत त्याच्या उशाला ठेवली. तो म्हणाला, "असू दे, ठेव."

आता दुकानात थ्री-फेज आहे. भिंतीवर टेस्टिंगचं पॅनेल आहे, मीच जोडून दिलं. दुकानात पाइप आणि स्टार्टर विकले जातात. मोटार भरायला आली तर भाई ती इंदापूरला पाठवतो. पॅनेलवर धूळ बसते, मी गेले की पुसते.

मागच्या रविवारी आम्ही तिघं पटावर बसलो. भाई डाव्या हातानं फासे टाकतो. डाव रंगला, मुलगी हरायला लागली आणि वैतागली. "पण हे संपतं कधी? शाळेत तर कुणीतरी रडलं की संपतं." मी नियम सांगणार होते, की बाकीच्यांचे पैसे संपून एकच उरला की संपतं. त्याआधीच भाई म्हणाला, "वार्निश वाळलं की."

"म्हणजे?"

"तुझे दादाजी एक डोळा मोटारीवर ठेवून खेळायचे. वाळलं की पट उचलायचा. मग कुणी जिंकत असू दे नाहीतर हरत."

ती म्हणाली, "मग जिंकायचं कोण?"

"कोण जिंकलेलं मला तरी आठवत न्हाय," भाई म्हणाला, आणि माझ्याकडे बघून, "तुला गं?"

मलाही आठवत नाही, अब्बा. मी आठवून पाहिलं. तुमच्या हाताचा पंजा पटावर येतो, घरं आणि नोटा एकत्र गोळा होतात, मी ओरडते की माझी बारी होती, आणि तुम्ही तात्यांना म्हणता, "उचला, पाणी सुरू करा आधी." तुम्ही त्यांची मोटार बाकी गिऱ्हाइकांची पाळी मोडून आधी भरायचा, हेही आता आठवतं. त्याच दिवशी कार्ड सोडलं म्हणून तुम्ही मला उभं केलं होतं आणि त्याच दिवशी स्वतः तात्यांसाठी पाळी मोडली होती. मी फक्त पहिली गोष्ट पाठ केली. भाईनं त्याची युक्ती पाठ केली. पट कधी उचलायचा हे त्याच्या लक्षात होतं, पण पान माझ्या हातात होतं.

त्या मुलीला मी तीन युक्त्या लिहून देईन, आणि खाली एवढंच, की अब्बूंना विचार डाव कधी मोडायचा.

एक गोष्ट राहिली. हॉस्पिटलात ठेवलेली ना हरकत मी अपघातानंतर दुसऱ्या दिवशी केली, असं भाई समजतो. कागदावरची तारीखही तीच आहे. पण तो दुसरा कागद होता. पहिल्यावर मी अपघाताआधीच सही केली होती, ती ओळ न खोडता. अपघात झाला तोवर तो अकरा दिवस माझ्या बॅगेत होता. त्यात एक रविवार आला, मी भवानीनगरला जाऊन जेवून परत आले, बॅग खांद्यावर होती. भाई आणखी एकदा विचारेल म्हणून मी थांबले होते. अपघातानंतर तो कागद द्यायला काढला आणि त्यावरची आधीची तारीख दिसली. मग कचेरीसमोर जाऊन नवा स्टॅम्प पेपर घेतला. पहिला कागद अजून माझ्याकडेच आहे. हे पत्र मी त्याच्या घडीत ठेवणार आहे.