नवव्या मंगळवारची नोंद

हौकिसाल्मी,
८ सप्टेंबर २०१९

प्रिय ओस्मोदादा,

‘तू मजेत असशील’ या वाक्यानं पत्र सुरू करायची आपल्याला शाळेत सवय लावली होती. ते वाक्य आज लिहिता येत नाही, तेव्हा इकडचंच सांगते.

बटाटे काढून झाले. यंदा लहान लहानच निघाले, पण गोड आहेत. तुझी बोट मी आणि इर्मेली वहिनीनं किनाऱ्यावर ओढून पालथी घातली. निम्म्यात आम्ही दोघी वाळूत बसून दम खात होतो. वहिनी म्हणाली, “त्याच्याशिवाय जमलं हे त्याला सांगू नकोस हं.” मी सांगून टाकलं. रागावलास तर निदान रागाचं तरी पत्र येईल.

तिथल्या पुनर्वसन केंद्रात तुला रोज दोन दांड्यांच्या मधे उभं करतात, आणि परवा तू सतरा सेकंद उभा राहिलास, असं वहिनीकडून कळलं. सतरा सेकंद कमी नाहीत, दादा. हे मी बहीण म्हणून म्हणत नाही, फिजिओथेरपिस्ट म्हणून म्हणते आहे.

एक मात्र लक्षात ठेव. चाकाच्या खुर्चीत माणसाचे खांदे कानाशी जातात आणि मान कासवासारखी पुढे येते. दिवसातून तीनदा हनुवटी सरळ मागे घ्यायची, खांद्यांची पाती एकमेकांकडे ओढायची, पाच मोजायचे, सोडायचं. दहा वेळा. लाकूडतोडीच्या मशीनमधे बसल्या बसल्या करायला सांगितलं होतं तेच. ‘सुटली मास्तरीण,’ असं म्हणशील. म्हण.

मंगळवारचा पाठदुखीचा वर्ग चालू आहे. तुझ्या मॅटवर आता पोस्टातली बाई असते. वीस वर्षांची कंबरदुखी. पहिल्या दिवशी वाकायलाच घाबरत होती, गेल्या आठवड्यात तिनं नातीला उचलून घेतलं. मी सगळ्यांना अजून तेच सांगते, की दुखतंय म्हणजे मोडलंय असं नाही, घाबरून पडून राहू नका, हलत राहा. खोटं नाही ते. शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना ते तंतोतंत लागू पडतं.

तुझ्या अर्जाला भरपाईच्या कार्यालयाचं उत्तर आलं, एवढं वहिनी बोलली. काय उत्तर ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

थंडी पडायच्या आत लोकरी मोजे पाठवते. पाय गार पडले तरी तुला कळणार नाही, म्हणून रोज हातानं चाचपून बघत जा.

तुझी लहान बहीण,
आयला


हौकिसाल्मी,
२० ऑक्टोबर

प्रिय दादा,

मोजे पोचले, असं वहिनी म्हणाली. पत्राचं काही बोलली नाही. तू वाचलंस की तसंच खणात टाकलंस, ठाऊक नाही. तरी लिहिते आहे.

तुमच्या शिकारीच्या मंडळींना पहिल्याच आठवड्यात मोठा एल्क मिळाला. तुझा वाटा त्यांनी न विसरता घरी आणून दिला. तू नसताना वाटा द्यायचा की नाही यावर म्हणे कोणी तोंडसुद्धा उघडलं नाही. त्यातलं मांस घेऊन वहिनी काल माझ्याकडे आली, सोबत राय धान्याची भाकरी. बसली, कॉफी घेतली, आणि पिशवीतून कार्यालयाचा कागद काढून टेबलावर ठेवला.

मी वाचला. त्यात लिहिलंय, की आरोग्य केंद्राच्या नोंदीप्रमाणे रुग्णाला बधिरपणाबद्दल आणि लघवीबद्दल विचारलं होतं, रुग्णानं तशी तक्रार नसल्याचं सांगितलं, सबब उपचारात कसूर झालेली नाही. म्हणजे साध्या भाषेत, तू लपवलंस.

वहिनीनं मला एक प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं. काय दिलं ते तिनं तुझ्या कानावर घातलं असेलच.

दुसरंच काही लिहिते. आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि तू एकोणीस. पुढच्या वर्षी हिवाळ्यात एक दिवस मी शाळेतून आले ती तडक खोलीत जाऊन पडले, जेवायलाही उठले नाही. तू काही विचारलं नाहीस. बर्फातून गावात गेलास, परत आलास, आणि माझ्या दाराशी स्टुलावर दुकानातलं एक पाकीट ठेवून लाकडं फोडायला निघून गेलास. अंधार पडेपर्यंत फोडत होतास. एवढी लाकडं फोडलीस, की मार्चपर्यंत पुरली. त्यानंतर दर महिन्याला ते पाकीट स्टुलावर असायचं, आणि आपण त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. दुकानात ते मागताना तुझं काय झालं असेल, याचा विचार मी फार उशिरा, तिशीत आल्यावर केला.

आपल्या घरात माया अशीच होती. बोलायचं नाही, ठेवून जायचं. मला ती पुरली. एवढी पुरली, की माणसांच्या शरीराबद्दल दिवसभर बोलण्याचं काम करूनही तुझ्यासमोर माझी जीभ उचलत नाही. साठीच्या परक्या पुरुषाला मी वाटेल ते विचारते. त्यालाही काही वाटत नाही, मलाही नाही. पण तू समोर आलास की मी तेरा वर्षांची होते.

हे कशासाठी लिहिलं? पुढे लिहायचं होतं, पण आज नाही होत.

मानेचे व्यायाम सोडू नकोस.

तुझी
आयला


हौकिसाल्मी,
६ नोव्हेंबर

दादा,

रविवारी तुला भेटून आल्यावर वहिनीनं मला फोन केला. आवाज हलका होता. म्हणाली, “ओस्मो आज बरा होता. म्हणाला, बहुतेक मी आयलाला बोललोच नसेन. मनातल्या मनात बोललो असेन आणि बोललो असं वाटलं असेल. औषधांनी डोक्यात गोंधळ होतो. जाऊ दे म्हणाला, पोरीला उगाच त्रास नको.”

मी फोन ठेवला.

दादा, तू बोलला होतास. तुझ्या डोक्यात काही गोंधळ नाही. तू स्वच्छ बोललास, आणि मी ऐकलं.

आता मी सगळं क्रमानं लिहिते. मधे थांबले तर पुन्हा धीर व्हायचा नाही.

पाठीचा रुग्ण पहिल्यांदा आला, की आम्ही चार प्रश्न विचारतोच. दोन्ही पायांत एकदम जोर कमी वाटतो का. बसायच्या जागेवर, मांड्यांच्या मधे, बधिर लागतं का. लघवी अडते का. शौचाचं कळतं का. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर व्यायाम बंद करून त्याच तासाला इस्पितळात पाठवायचं. सरकलेल्या गादीनं मणक्यातल्या खालच्या सगळ्या नसा चेपल्या, तर हातात फक्त काही तास असतात. मी हे शिकाऊ मुलींना शिकवते.

पंधरा जानेवारीला तू आलास. दारातूनच म्हणालास, “काय मास्तरीणबाई, म्हाताऱ्या ओंडक्याला नाचायला शिकवणार का?” वर्गातली सगळी हसली. तुला बाजूच्या खोलीत घेऊन बसले, मान तपासली, कंबर वाकवून पाहिली, पाय उचलून पाहिले. मग कागदावरचे ते चार प्रश्न आले. तू खिडकीबाहेर बघत होतास. मी विचारलं नाही. चारही चौकोनांत ‘नाही’ लिहिलं आणि म्हणाले, “चल, मॅटवर.”

त्या दिवशी उत्तर ‘नाही’च आलं असतं. हे मी स्वतःला आठ महिने सांगत आले आहे. खरंही आहे ते. पुढचे काही आठवडे तू सुधारत होतास. पाठीवर झोपून, गुडघे मोडून कंबर वर उचलायचास, तेव्हा सगळ्यांत जास्त वेळ धरून ठेवायचास, आणि शेजारच्याला म्हणायचास, “हिच्या धाकापुढे दुखायची काय बिशाद.” मला आतून किती मोठं वाटत होतं, सांगू? आयुष्यात पहिल्यांदा तुला माझं काही लागलं होतं.

बारा मार्च. नववा मंगळवार. वर्ग सुटल्यावर तू बाकावर बसून राहिलास. बूट घालत होतास, पण नाडी हातातच होती. म्हणालास, “आयला, दोन्ही पाय माझे नसल्यासारखे झालेत.” मी मॅट गोळा करत होते. मग तू खाली बघत म्हणालास, “आणि कालपासून खाली सगळं मेल्यासारखं लागतं. सायकलच्या सीटवर दिवसभर बसल्यावर होतं ना, तसं.” आणि थोडंसं हसलास.

मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. “मशीनमधे बारा बारा तास बसल्यावर दुसरं काय होणार? उद्या पुलापर्यंत चालून ये.”

मला कळलं नव्हतं असं नाही. ‘सायकलची सीट’ हे शब्द मी स्वतः शिकाऊ मुलींना सांगते, कारण लाजणारे पुरुष असंच काहीतरी म्हणतात. मला कळलं, माझे कान गरम झाले, आणि वाटलं, आता याला पुढचं विचारावं लागणार. लघवीचं विचारावं लागणार. दादाला. तू एवढं बोललास तेच तुला किती जड गेलं, ते मला दिसत होतं. माझ्या एका प्रश्नानं तुला पुढचं सोपं झालं असतं. मी पाठ फिरवून मॅट कपाटात ठेवल्या. उद्या फोन करून वहिनीकडून काढून घेऊ, असं ठरवलं. बुधवारी फोन केला नाही. कामात होते असं लिहिणार होते, पण कामात नव्हते.

बुधवारी तू खरंच पुलापर्यंत चालून आलास, असं नंतर वहिनीनं सांगितलं. काठी घेऊन. मी सांगितलं म्हणून. गुरुवारी सकाळी अंगणात कोसळलास तो पुन्हा उठला नाहीस. शुक्रवारी ऑपरेशन झालं तेव्हा सर्जन म्हणाले, “मंगळवारी का नाही आणलंत?”

त्या मंगळवारची माझी नोंद अशी आहे: ‘कंबर जड. इतर तक्रार नाही. चालणे वाढवावे.’

इस्पितळानं कागद मागवले तेव्हा आमच्या केंद्राचे मुख्य डॉक्टर मला म्हणाले, “तुमची नोंद इतकी चोख आहे म्हणून आपण वाचलो.” मी मान हलवली. आणि त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात वहिनीनं विचारलं, “आयला, खरं सांग. तो तुला बोलला होता का?” मी कॉफी ओतत होते. म्हणाले, “मला नाही बोलला.” एक थेंबही बाहेर सांडला नाही.

तू लपवलंस असं कागदावर झालं. तेही तू सहन केलंस. पण आता तू स्वतःवरच संशय घ्यायला लागलास, आणि तोही मला त्रास नको म्हणून. ते मला सहन होत नाही. ‘सहन होत नाही’ म्हणायचाही मला अधिकार नाही, ठाऊक आहे.

काल सकाळी मी मुख्य डॉक्टरांच्या खोलीत जाऊन हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “आता घरी जा. पुढचं कळवू.” कालचा वर्ग झाला नाही. कार्यालयाला मी माझ्या सहीनं पत्र पाठवलं आहे, त्यात वर लिहिलेलं सगळं आहे. ते तुझा अर्ज पुन्हा उघडतील, बहुतेक. त्यांनी भरपाई दिली, तरी ती कशाची दिली म्हणायचं?

दुपारी वहिनीकडे गेले. दारातच सांगितलं. ती ऐकत उभी होती, हातात ओला टॉवेल होता. मला आत ये म्हणाली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, “मी त्याला म्हटलं होतं, तू खोटं बोलतोस.” आणि दार लावून घेतलं. जोरात नाही. हळूच.

मला पाठीतला एकेक स्नायू नावानिशी ठाऊक आहे. कुठल्या वयाला, कुठल्या दुखण्याला, कुठला व्यायाम किती वेळा, हे झोपेत विचारलंस तरी सांगेन. तुझ्यासाठी त्यातलं काहीच उरलेलं नाही. त्या नसांना व्यायाम नसतो. तिथली बाई तुला दांड्यांच्या मधे उभं करते ते काम मी करायला हवं, असं रोज वाटतं, आणि तुला हात लावायची माझी हिंमत होणार नाही हेही रोज कळतं.

क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील, हाच धोका आहे. माझी लाज तू जन्मभर झाकत आलास. ही झाकू नकोस. कोणी विचारलं, तर मोठ्यानं सांग.

हे पत्र वहिनीच्या हाती पाठवता येत नाही, म्हणून पोस्टानं पाठवते आहे. शनिवारी भेटीच्या वेळेला मी तुझ्या केंद्राच्या खालच्या मजल्यावर बसून असेन. तू बोलावलंस तर वर येईन. नाही बोलावलंस तर संध्याकाळच्या बसनं परत जाईन, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येऊन बसेन.

‘तुझी’ असं लिहायला आज हात होत नाही.

आयला