आमदारांनी प्यालेलं पाणी

नाशिक रोड, मंगळवार, मे १९७९

वस्तीत नळ हवा म्हणून महिला मंडळाने आज आमदारांना बोलावलं होतं. सेक्रेटरी सुमनने मला बजावलं, "आजी, तोंड आवरा, नाहीतर काम बिघडेल."

आवरलं. पाहुण्याला आधी पाणी द्यावं, म्हणून मुद्दाम विहिरीचं गढूळच पेलाभर दिलं. वाटलं, बघतील, लाजतील. तर मेले घटाघटा प्यायले की! "आजी, गोड आहे हो पाणी," म्हणाले आणि नळाचं नाव न काढता गेले.

याच पाण्याने नात अंथरुणाला खिळलीय. त्यांना काही झालं तर? पोलीस मलाच धरतील. तो पेला घासायलाही हात धजेना.

देवा, माणूस जगू दे. पण पोट जरा दुखू दे.