कळण्याच्या पिठाची गोणी

सायली, सिल्वासा
१२ ऑगस्ट २०२४

ती. स्व. काकांस,
कावेरीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं हां हां करता आणि ऐकू काही येत नाही, म्हणून कागदच घेतला. तुमची कळण्याच्या पिठाची गोणी वापीच्या गाडीने पोचली.

काका, आपल्या खाणावळीचं काही खरं नाही. कंपन्यांतली धुळ्या-नंदुरबारची माणसं कमी झाली, आता ओडिशा-बिहारची पोरं जास्त. त्यांना भात लागतो. समोर एकाने भाताची खाणावळ काढली, तिथे रांग लागते नि आमच्याकडे माशा. गिऱ्हाइकाची आवड बदलली की मागणी बदलते, हे आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात सुरुवातीलाच आहे. मी आईला म्हटलं, भाकरी बंद करून भात लावू. तर ती म्हणते, खाणावळ तुम्ही आणि बाबांनी उभी केली, आता बाबा नाहीत, तर तुमच्या शब्दाशिवाय तवा उतरणार नाही. दसऱ्याला जागेचा करार संपतोय. तोवर जम बसला नाही तर कुलूप लावून आईला तिच्या भाच्याकडे, गोकुळदादाकडे, सुरतेला जावं लागेल. परक्या चुलीपाशी ती कशी राहील, मला विचारसुद्धा करवत नाही.

परवा परीक्षा आहे. भूमी, श्रम, भांडवल, उद्योजक हे उत्पादनाचे चार घटक घोकतेय. तीच वस्तू खात गेलं की समाधान घटत जातं, असाही एक नियम आहे. आई चौथी भाकरी वाढताना तो अजिबात मानत नाही!

होकार लवकर कळवा. माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
कावेरी

शिरपूर
२० ऑगस्ट २०२४

चि. कावेरीस अनेक आशीर्वाद.

भाकरी बंद? अगं माय, काय बोलतेस हे! तुझा बाप आणि मी धाग्याच्या कंपनीत लागलो तेव्हा राखोलीला नदीकाठी एक खोली होती. सुटीच्या दिवशी तुझी आई चिमाबाई कळण्याची भाकरी थापायची. ठेच्याचा ठसका गल्लीभर जायचा आणि आपल्याकडची पोरं दारात येऊन उभी राहायची. कोण, कुठला, न विचारता ती ताट मांडायची. शिंदखेड्याचा नवनाथ तर पहिल्याच घासाला रडला. तिथून खाणावळ झाली. भातासाठी आपल्याला कोण ओळखणार? माझा होकार नाही.

बाकी मी बरा आहे. एक दिवस कळण्यासाठी ज्वारी-उडीद निवडायचे, दुसऱ्या दिवशी गिरणी, मग स्टँडवर जाऊन ड्रायव्हरकडे गोणी द्यायची. गिरणीवाला विश्वनाथ मला शेठ म्हणतो. गोणी गेली की पुढच्या खेपेपर्यंत खाटेवर पडून असतो. तुझ्या त्या चार घटकांत मी कुठे बसतो, तेही बघून ठेव.

अभ्यास कर, आईला जप.

तुझा,
कारभारीकाका

सायली
२९ ऑगस्ट २०२४

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी रागच आला. म्हटलं, जुन्या दिवसांना धरून बसलेत आणि इथे आमचं दिवाळं निघतंय. मग पुन्हा वाचलं आणि तुमच्या गिरणीपाशी अडले. मी पिठाकडे नुसता खर्च म्हणून बघत होते. भाकरी थांबली की तुमची गिरणी थांबेल, स्टँड थांबेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. फार वाईट वाटलं, काका.

मग आई आणि मी असं ठरवलं. रोज भात, आणि दर रविवारी कळण्याची भाकरी नि ठेचा. नवनाथकाका आता खडोलीला सुपरवायझर आहेत. ते म्हणाले, रविवारी आपली सगळी माणसं घेऊन येतो, फक्त ठेचा तोच हवा. गोणी निम्मी लागेल, पण लागेलच.

चारही घटकांत तुम्हाला शोधलं. कुठेच बसत नाही तुम्ही!

वाट बघतेय.

तुमची,
कावेरी

शिरपूर
५ सप्टेंबर २०२४

चि. कावेरीस आशीर्वाद.

लाव भात. मला आपलं कच्च्या मालात धर.

अख्खी गोणी मला उचलवायची नाही, म्हणून ड्रायव्हरच्या हवाली करायचो आणि गाडी दिसेनाशी होईस्तोवर स्टँडवर बसून राहायचो. तुझा बाप गेल्यापासून तिकडे पाय वळला नाही. तो दारात दिसणार नाही, म्हणून भ्यायचो.

निम्मी मात्र उचलवते, काल गिरणीत उचलून पाहिली. पुढच्या शनिवारच्या गाडीने पीठ घेऊन मीच येतो. चिमाबाईला सांग, रविवारी एक ताट जास्त मांड. आणि तुझा तो नियम तुझ्यापाशीच ठेव, मी चौथी भाकरी घेणार आहे.

तुझा,
कारभारीकाका