लाखेखालचा सांधा

बाबूजी, सौंदडच्या शेतातला तुमचा डुकरं हाकलायचा, बंद पडलेला भोंगा मी फुलचूरला माझ्या घरी आणला. स्वयंपाकघरात, गॅसच्या शेजारी तो उघडा पडला होता आणि मी तुमच्यावर रागावले होते. आतल्या वायरींच्या जोडकामावर इतकी लाख कोण ओततं? ओल आत शिरू नये म्हणून पळसावरची लाख वितळवून तुम्ही सगळं बुजवून टाकलंत. पुढे कोणाला हे दुरुस्त करावं लागेल, हा विचार तुम्हाला शिवला नाही. डालड्याच्या डब्यात मोडक्या रेडिओचा स्पीकर, ट्रान्झिस्टर, कपॅसिटर, आणि वर हे लालसर कवच. जोडणीचा नक्षा तुम्ही कधी काढलाच नाही. सगळं डोक्यात ठेवलंत आणि डोकं सोबत घेऊन गेलात.

मला हे उकरायची हौस नव्हती. निवृत्त बाईने आराम करावा असं सगळे सांगतात, विशेषतः ज्यांना तिचं ऐकायचं नसतं ते. पण मागच्या आठवड्यात गावी गेले, तर तुमच्या धाकट्याने पडवीत लोखंडी तारेचं वेटोळं आणून ठेवलेलं. धान लोंबीवर आलंय, रानडुकरं बांध्यांतलं पीक तुडवतायत, म्हणून तो शेताच्या कडेने धुऱ्यावर तार लावून तिच्यात करंट सोडणार. तुमचा मुलगा, माझा भाऊ! मी विचारलं, "बाबूजी कशाने गेले, विसरलास?" मान खाली घालून म्हणाला, "विसरलो नाही, बाई. पण सगळेच लावून राहिले. मी एकटाच काऊन डुकरं पोसू?"

ती सकाळ मला आजही सरळ सांगता येत नाही. तुम्ही बांधीतलं पाणी पाहायला निघालात आणि शेजाऱ्याच्या धुऱ्यावर तार होती. एवढंच. मी नुकती शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. विजेचा धडा त्या वर्षी दुसऱ्या बाईंनी घेतला. शेजारी रडत म्हणत होता, "डुकरासाठी लावली होती जी." जणू तारेला माणूस आणि डुक्कर यांतला फरक शिकवून ठेवला होता आणि ऐन वेळी तीच विसरली. कागदावर अपघात लिहिलं गेलं. सगळ्या शिवारात डुकरांना नुसत्या आवाजाने हाकलणारे तुम्ही एकटे, आणि तारेवर तुम्हीच.

धाकट्याशी मी भांडले. बाजारातलं यंत्र त्याने आणून पाहिलं होतं. ते एकाच तालात ओरडतं. डुकरं दोन दिवस थबकली, मग त्याच्यासमोर बसून जेवली. तुमच्या भोंग्याला ताल नव्हता. कधी लगेच किंचाळायचा, कधी इतका वेळ गप्प की डुक्कर बेसावध व्हावं. शेवटी धाकटा म्हणाला, "बाबूजीचा डबा बोलला तर तार नाही लावत. नाही बोलला तर मंग तू माझ्या मधात नको येऊ."

म्हणून हा डबा. अजून डोळ्यांसमोर आहे: मी आठवीत आहे, कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आलेय, आणि बंद पडलेल्या भोंग्यात एकाच वेळी तीन वायरी हलवतेय. तुम्ही माझ्या हातावर चापट मारता. "एका वेळी एकच बदल. तीन बदलले तर आजारी कोण होता ते कसं कळेल?" त्या दिवशी तुम्ही मला पहिल्यांदा डाग द्यायला शिकवलंत, कथील कसं वितळतं, सांध्यावर कसं पसरतं ते. वसतिगृहात परतल्यावर सिस्टरनी माझी बोटं हुंगली आणि मुलीच्या हाताला राळेचा वास शोभत नाही म्हणाल्या. मी पुढचे दोन दिवस हात धुतले नाहीत.

तर मी एका वेळी एकच बदललं. बॅटरी नवी घातली, काही नाही. लाखेबाहेर डोकावणारा फुगलेला कपॅसिटर बदलला, आणि अंगणातल्या उन्हात डबा असा किंचाळला की शेजारीण "हाय राम, क्या हुआ दीदी?" करत धावत आली. मी विजयी मुद्रेने तो सौंदडला पोचवला. संध्याकाळी धाकट्याचा फोन. "तुझा डबा मुका झाला, बाई." परत आणला, दुपारी बोलला. कलत्या उन्हाबरोबर पुन्हा गप्प. डुकरं यायच्या वेळीच नेमका! तेव्हा कळलं की कुठला तरी सांधा तडकलाय. उष्णतेने फुगून जुळतो, गारव्याने सुटतो. पण कुठला, ते लाखेखाली कसं दिसणार?

मी जोडकाम फ्रीजमध्ये ठेवलं, हिरव्यागार सांभाराच्या जुडीशेजारी. गार झाल्यावर ते मुकं झालं. मग चमच्याचा दांडा गरम पाण्यात बुडवायचा, पुसायचा आणि लाखेवर एकेका जागी टेकवून थांबायचं. इथे? नाही. इथे? नाही. कोपऱ्यातल्या एका जागी दांडा टेकला आणि थोड्या वेळाने भोंगा कण्हला, मग ओरडला.

चष्मा लावून त्या जागी पाहिलं. लाख अजून गरम असताना तुम्ही ती अंगठ्याने दाबली असणार. रेषा न् रेषा उमटलीय. मधल्या वळणाला आडवा छेद आहे, तुमच्या अंगठ्यावरच्या कापल्याचा. तुमचा एक फोटो आहे आपल्याकडे, लग्नाच्या गर्दीतला, त्यात अर्धा चेहरा आहे. आणि हा अंगठा. सांधा बरोबर त्याच्याखाली.

मी सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि बंद केलं. पुन्हा तापवलं. दुसऱ्या बाजूने खरवडता येतं का पाहिलं, नाही येत. तेवढ्यात धाकट्याचा फोन, "बाई, कालही दोन बांध्या गेल्या. आता मी कोणाची वाट पाहू?" मी म्हटलं, "उद्या सकाळी आणते." मग तुमच्या अंगठ्यावर टोक ठेवलं. लाख लगेच पाघळली, धूर झाला, जळका गोडसर वास सुटला. खाली भेग होती, केसाएवढी. मी डाग दिला.

आज तीन दिवस झाले, डबा रोज अंधार पडताना बोंबलतोय. धाकटा म्हणतो, डुकरं नाल्यापलीकडूनच मागे फिरली. तार त्याने गुंडाळून माळ्यावर टाकलीय. फेकली नाही. मी ती मागितली तर म्हणाला, "पाहू." म्हणजे मला पुढच्या हंगामातही जाऊन भांडावं लागणार, भांडेन.

हे मी धाकट्याला सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगते. लाख वितळवण्याआधी मी मोबाइलवर त्या ठशाचा फोटो काढला होता. हात हलला. त्यात रेषा एकही नाही, नुसता लाल चकाकता डाग दिसतो. तो फोटो मी अजून पुसलेला नाही.