'जातो' म्हणणारा मुलगा

४ फेब्रु. ७४, सोमवार
पुण्याहून चि. सुमनचं पाकीट. तिकीट कमी लावलेलं, ६० पैसे भरून घेतलं. आत चार जपानी कविता, तिनं मराठीत केलेल्या. शिवाय मूळ छापील एक पान. अक्षरं उभ्या ओळींत, वरून खाली, ठिपक्यांवर रांगोळी काढावी तशी. दोन वर्षं जपानी शिकून पोर हे वाचायला लागली. देवापुढं ठेवलं. लिहिते, "आई, तुझं अक्षर छापल्यासारखं. चांगली प्रत करून मासिकाकडे तूच परस्पर पाठव."

५ फेब्रु.
स्वैपाक आवरून तीन उतरवल्या. चौथी लढाईवर निघालेल्या मुलाची. दारात आई त्याच्या सदऱ्याचं बटण लावते. तो म्हणतो, "जातो." संपली.
हात अडला. आमच्यात निघताना जातो कुणी म्हणत नाही. म्हटलंच तर मी परत बोलावते, घोटभर पाणी देते, येतो म्हणवते, मग सोडते. "येतो" लिहिलं. सिद्धेश्वराच्या पायाशी कागद ठेवून पेटीत टाकले.

१९ फेब्रु.
संपादकांचं कार्ड. चौथी घेतली. "शेवटचा 'येतो' फार लागला" म्हणतात. काही बदल असल्यास २८ च्या आत कळवा. सुमनचं नाव छापून येणार! ह्यांना वाचून दाखवलं, शब्द बदलल्याचंही सांगितलं. "जपान न बघता त्यांची चूक सुधारलीस की." हसले, पण कार्ड दोनदा वाचलं.
सुमनला सगळं लिहिलं.

२३ फेब्रु.
सुमनचं उत्तर. रागावली नाही, तेच जास्त लागलं. "आई, तिकडंही रोज निघताना 'जाऊन येतो' असंच म्हणतात गं. हा मुलगा 'येतो' मुद्दाम टाळतो. परत यायचं नाही हे त्याला ठाऊक आहे. आणि आई त्याला टोकत नाही. कविता तेवढीच आहे." खाली बारीक अक्षरात, "पण तुझा शब्द खोडवत नाही."
टोकलं नाही त्या बाईनं. मी असते तर
भाजी करपली आज. पोरीचं बरोबर आहे. इतक्या लांबच्या बाईचं न बोललेलं तिला ऐकू आलं. माझ्या पोटची.

२४ फेब्रु., रवि.
तिला लिहिलं ते असं:
चि. सुमनला अनेक आशीर्वाद. कविता त्या मायलेकांची, नाव तुझं. माझ्या भीतीला त्यात जागा नको. संपादकांना तू लिही, नाहीतर मी लिहिते. "जातो" लिहायला हात धजेल का माहीत नाही, पण तू सांगितलंस तर लिहीन. गुरुवारनंतर काही करता यायचं नाही. काय ठरवतेस ते उलट टपाली कळव.