गाण्यातली अक्काची जागा

प्रिय चिपो,

काल दहावा दिवस झाला. आज न्हाऊन देवापाशी दिवा लावला आणि लगेच तुला लिहायला बसले. तुला मराठी वाचता येत नाही, ठाऊक आहे मला. पण इंग्रजीत मला रडता येत नाही, त्याला काय करू?

हो, तुझं सुतक पाळलं मी. धाकटी जाऊ येऊन म्हणाली, "अक्का, भाडेकरणीचं कसलं सुतक? कुठली ती आफ्रिकेतली पोर, तुमची कोण लागते?" मी म्हटलं, "सरी, तू चहा घे." तिला काय सांगणार होते ग? तू माझी कोण, हे मलाच तू गेल्यावर कळलं.

इथे कानडी मुलखात, येलहंक्याच्या या घरात आलीस त्या दिवशी मी जेवणाचं ताट पुढे केलं, तर तू गुडघेच टेकलेस. मला वाटलं, पोर घसरली की काय! वडीलधाऱ्यांकडून काही घेताना तुमच्या झिंबाब्वेत असंच करतात, हे नंतर समजलं. मग माझ्या गोधड्या मागून नेल्यास आणि वरच्या खोलीच्या भिंतींना टांगल्यास. का, तर रेकॉर्डिंगमध्ये विमानांचा आवाज नको. हवाई दलाची विमानं ती, गोधड्यांना जुमानतात होय?

तिथे तू मांडीवर भोपळा घेऊन बसायचीस. त्यात बसवलेल्या फळीवरच्या लोखंडी पट्ट्या अंगठ्यांनी छेडायचीस. आजीकडची गाणी आणि तुझं ते इंग्रजी सोल संगीत, दोन्ही एकाच गळ्यातून. लोक तिकीट काढून तुला ऐकायला लागले, पोस्टरवर तुझा फोटो आला. तरी घरी आलीस की स्वयंपाकघराच्या दारात उभी! "अक्का, स्वल्प गाना प्लीज." तांदूळ निवडताना मी गुणगुणते तो माझ्या आईचा पाळणा तुला तुझ्या नव्या गाण्यात हवा होता, माझ्याच आवाजात.

आणि मी काय केलं? यजमानांचं वर्षश्राद्ध होईपर्यंत या घरात कुणी गायचं असेल तर तू वर गा, मी तोंड उघडणार नाही, असं ठणकावलं. ते गेले त्या दिवशी तू पायरीवर बसून गायला लागलीस, तेव्हाही चारचौघांत तुला गप्प केलं. "तुमच्यात माणसाला गाऊन पोचवत असतील, आमच्यात नाही!" तू माझा हात धरून शेजारी बसलीस. सगळे आपापल्या घरी गेले तरी उठली नाहीस.

मग मायदेशातला पहिला मोठा कार्यक्रम ठरला. निघताना म्हणालीस, "आल्यावर गाऊ, अक्का." मी म्हटलं, "बघू." बघू! हो म्हणायला काय झालं होतं मला?

अपघाताची बातमी तुझ्या भावाने फोनवर दिली. पुढे त्याने तुझं ते गाणं पाठवलं. मधेच शब्द थांबतात आणि नुसत्या पट्ट्या वाजत राहतात. मी त्याला म्हटलं, गाणं अर्धवट राहिलंय. तो म्हणाला, "नाही. ती जागा अक्काची आहे, असं तिनंच सांगितलंय." जिच्या जिच्या घरी तू जेवलीस, त्या सगळ्या तुला पोचवताना गायल्या म्हणे. राहिले ती मी एकटीच.

मला न विचारता जागा ठेवलीस? हट्टी म्हातारीवर इतका भरवसा ठेवतात का, वेडे?

घर फार गप्प आहे ग. गाऊ नको म्हणणारी मी, आता दिवसभर वरच्या मजल्याकडे कान लावून बसते.

वर्षश्राद्धाला अजून तीन आठवडे आहेत, पण आता थांबायचं नाही. यजमानांची समजूत माझी मी घालीन. हे पत्र संपलं की वर जाते. गोधड्या अजून तशाच आहेत. तुझ्या भावाला सांगितलंय, फोन लाव, घरातल्या सगळ्यांना जवळ बसव. तुझं गाणं लावीन, आणि ती जागा आली की पाळणा म्हणेन. आवाज कापेल, वरून विमान जाईल, तरी मधेच सोडणार नाही. हा माझा शब्द.

तुझी,
खालच्या मजल्यावरची अक्का